साठ ते सत्तर

डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत, तक्रारीच्या रकान्यात, डॉक्टरनं लिहिलं होतं: ‘पेशंटला स्वतःचं नाव नीट घेता येत नाही.’ विशाखानं ते दोनदा वाचलं आणि तिला आधी हसू आलं. नऊ वर्षांत कवळ्या परत येत आल्या होत्या, पण त्या टोचते म्हणून, सैल आहे म्हणून, भाकर चावताना हलते म्हणून. एका म्हातारबांनी तर बायको हसते म्हणून परत पाठवली होती. नाव घेता येत नाही ही तक्रार नवीन होती. चिठ्ठीवर वर नाव होतं, सरूबाई, वय त्र्याहत्तर, राहणार मोठा वाडा, बिडकीन. त्याखाली डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘स म्हणताना शिट्टी वाजते.’ छावणीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सकाळचे साडेदहा वाजले होते, खाली बाजारात कुणीतरी शटर वर ढकलत होतं, ट्रिमर मशीनवर प्लास्टर घासल्याचा ओला वास सुटला होता. विशाखानं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, सरूबाई. तिच्या स्वतःच्या दातांमधून तो स सहज निघून गेला, कुठं अडला नाही. तिला उगाचच अपराध्यासारखं वाटलं, आणि हसू जे गेलं ते त्या दिवशी परत आलं नाही.

लॅबमधल्या माणसाला पेशंट दिसत नाही. हे या धंद्याचं पहिलं सुख आणि पहिलं दुःख. तोंड येतं ते प्लास्टरचं, पांढरं, थंड, बिनजिभेचं. त्या तोंडाला हिरड्या असतात, टाळू असतो, टाळूवरच्या रेघासुद्धा असतात, पण आवाज नसतो. विशाखा त्या साच्यांवर गुलाबी मेण चढवायची, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात मेणात बसवायची, आणि चौदावा दात बसला की त्या मुक्या तोंडाला एकदम चेहरा आल्यासारखं व्हायचं. तो क्षण तिला फार आवडायचा. बारावीला डॉक्टर व्हायचं होतं, मार्कांनी हात दिला नाही, मग दात बनवायचा दोन वर्षांचा डिप्लोमा, हे सगळं खरंच होतं. पण पहिल्यांदा मेणात दात उभे राहिले त्या दिवशी ‘नाही झालं ते’ बाजूला पडलं आणि ‘हे माझं’ असं तिला झालं. मुकुंदवाडीतल्या गल्लीत बाया तिला दातांची डॉक्टरीण म्हणायच्या. तिचे अण्णा, धोंडिबा, चिकलठाण्याच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होते, ते लगेच दुरुस्ती करायचे. “डॉक्टरीण नाय. डॉक्टर तोंडात बघतो. माही लेक तोंड घडवती.” हे म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की विशाखाला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

तिनं सरूबाईंची वरची कवळी डबीतून काढून पालथी केली. काम देखणं होतं, यात शंका नव्हती. दातांची रांग कशी दोरी लावल्यासारखी. आतल्या बाजूला हिरडी बसायची खोल खोबण होती आणि प्रत्येक दात बरोबर त्या खोबणीच्या डोक्यावर उभा होता, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. कॉलेजात सरांनी हेच शिकवलं होतं आणि त्यासाठीच तिची पाठ थोपटली होती. हिरडीच्या त्या उंचवट्याला तिथं रिज म्हणत, विशाखा मनात त्याला बांध म्हणायची. बांधावर दात. तिचे दात बांधावरून कधी घसरले नव्हते. पण आता त्या पालथ्या कवळीकडं बघताना तिच्या मनात काहीतरी हललं. दात पडून वीस-वीस वर्षं झाली की वरचा बांध झिजतो, आणि झिजतो तो बाहेरून. म्हणजे बांध आत सरकतो, दरसाल थोडाथोडा, कुणाच्या लक्षात न येता. त्या सरकलेल्या बांधावर इमानेइतबारे दात लावले की सगळी कमानच आत ओढली जाते. जिभेला जागा उरत नाही. वाऱ्याला बारीक भोक तेवढं उरतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात एक परिच्छेद होता, परीक्षेला तो आला नव्हता. मेणात लावलेले दात आधी पेशंटच्या तोंडात घालून बोलायला लावतात, साठ ते सत्तर मोजायला लावतात, त्यात अशी चूक पकडली जाते. पण बिडकीनहून म्हातारीला चारचारदा कोण आणणार, म्हणून ती ट्रायल गाळून थेट पक्की कवळी करून दिली होती. ती ट्रायल पुष्कळदा गाळली जायची. आणि पेशंट गप्प बसायचे, कवळी म्हणजे असंच असायचं म्हणून. किती जण गप्प बसले असतील, हा विचार मनात आला तशी तिनं हातातली कवळी खाली ठेवली.

साठ ते सत्तर. मराठीत ही दहा पायऱ्यांची उतरंड नुसती स-स करत जाते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. अण्णांचे उरलेसुरले दात एकसष्टाव्या वर्षी काढले होते. तंबाखूनं खाल्लेले, कंपनीतल्या पोलादाच्या धुळीनं काळे पडलेले. विशाखाला नोकरीला लागून वर्ष झालं होतं आणि तिनं हट्टानं सगळं स्वतः केलं होतं, साच्यापासून पॉलिशपर्यंत, कुणाला हात लावू दिला नव्हता. घरचाच पेशंट, त्याची कसली ट्रायल. कवळी घालून अण्णा मोरीवरच्या आरशासमोर उभे राहिले, ओठ ताणून पाहिले, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, दिसेल त्याला दात दाखवत. “लई झकास बसलेत. कंपनी फिटिंग हाय.” त्या दिवशी जेवताना ते एक वाक्य बोलले होते, ते तिच्या मनात कायमचं राहिलं होतं. म्हणाले, “आमच्या गावात वाड्यावरच्या बाया आमाला वंजळीत वरून पाणी टाकायच्या. हात लागू नये म्हणून. आता त्यायच्या तोंडात माह्या लेकीच्या हातचे दात हायेत.” आणि खूप वेळ हसत राहिले होते, आवाज न करता. तेव्हा तिला वाटलं होतं, नवे दात आहेत, सांभाळून हसतायत.

“काय झालं, सरूबाईवर ध्यान लावलंस काय?” विश्वजीत सर टेबलापाशी येऊन उभे होते. लॅब त्यांची. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम पुढच्या गाडीत बसल्यासारखा असायचा. तिनं कवळी पालथी करून दाखवली, बांध आत सरकलाय, दात बाहेर घ्यायला हवे होते, ही आपली चूक आहे, असं सांगितलं. त्यांनी पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं. “माप हललं होतं असं लिही. थोडी घासून परत पाठव.”

“माप एकदम बरोबर आहे सर. पुरी नवी रांग लावावी लागेल.”

“मग लाव ना. कोण नको म्हणतंय? पण लिहू नको. आपण चूक लिहून दिली की डॉक्टर त्या चिठ्ठीचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, न् मग गावभर आपलीच लॅब.” ते थांबले आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, “विशाखा, पुढच्या महिन्यापासून कवळीचं पूर्ण टेबल तुझ्याकडं द्यायचं ठरवलंय मी. चिठ्ठीवर सही तुझी जाईल. पहिल्याच कागदावर ‘चूक आमची’? मग मला परत इचार करावा लागंल.”

त्या टेबलाची ती चार वर्षं वाट बघत होती. नाव नसलेलं काम करून करून माणसाला कधीतरी सही करावीशी वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती बरं म्हणाली. मग दुपारच्या सुट्टीत डबा न उघडताच खाली उतरली आणि रिक्षा बदलत बदलत मुकुंदवाडीला आली. वाटेत जालना रोडवर रिक्षा सिग्नलला अडकली तेव्हा तिच्या ओठांवर आपोआप आकडे आले, शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. तिला विहार आठवत होता. दर रविवारी सकाळी अण्णा पुढं उभे राहून त्रिसरण सांगायचे, मागून सगळी वस्ती. माईक नव्हता तेव्हापासून. त्यांचा आवाज जाड, फिटरचाच, पण ‘बुद्धं सरणं गच्छामि’तलं ‘सरणं’ म्हणताना तो असा लांब आणि स्वच्छ जायचा की रेल्वे स्टेशनवरची माणसंसुद्धा वळून बघायची. दात बसवल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्यांनी पुढं उभं राहणं सोडलं. “आता नव्या पोरांनी म्हणावं. मी किती दिस पुढं पुढं करू?” ते मागच्या भिंतीला टेकून बसायला लागले. विशाखाला तो मोठेपणा वाटला होता. तिनं लॅबमध्ये कौतुकानं सांगितलंही होतं की आमचे अण्णा आपणहून बाजूला झाले.

तिची आई, कडूबाई, उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. लेक दुपारची आलेली बघून तिचा हात थांबला. “काय गं, बरं नाय का?”

“आई, अण्णांची कवळी कुठंय?”

आई उठली, पत्र्याच्या पेटीतून जुन्या शर्टाच्या तुकड्यात गुंडाळलेली स्टीलची डबी काढली. अण्णांच्या मयतीच्या दिवशी ती कवळी काढून ठेवली होती, वर्ष होऊन गेलं होतं. विशाखानं ती उजेडात धरली. वरच्या पुढच्या दोन दातांची मागची बाजू घासलेली होती. बारीक, आडव्यातिडव्या, एकसारख्या रेघा, आणि त्यावरून पॉलिश पेपर फिरवलेला. लॅबमधल्या कुठल्याच यंत्राच्या त्या खुणा नव्हत्या. ती कानस होती, अण्णांची, वीतभर लांबीची, जिनं त्यांनी तीस वर्षं लोखंड बसतं केलं होतं.

“कधी केलं हे?”

“लई वर्षं. तू कामाला गेली की मोरीपाशी बसायचे. दोन रेघा मारायचे, तोंडात घालायचे, म्हणून बघायचे. फिरून काढायचे. शिट्टी वाजायची गं. पयल्या रविवारीच वाजली. लेकरं हसली तिथं विहारात. लेकरंच ती, त्यायला काय कळतंय.”

“मला का नाही सांगितलं? मी आठ दिवसात दुसरी केली असती. तू तरी सांगायचंस!”

“मला शपथ घातली व्हती. म्हणले, तिचं पयलं काम हाय, पयल्याच कामाला नाव ठिवलं तर तिचा हात भिईन. हात भ्याला की कारागीर गेला, म्हणले.” कडूबाईनं मेथीची काडी मोडली. “तुला ठावं नाय का? तुझं नाव बी घेत नव्हते.”

विशाखाला आधी कळलं नाही. मग कळलं. अण्णांच्या तोंडी ती विशाखा कधीच नव्हती, इसाखा होती. लहानपणी तिला त्याचा राग यायचा, शाळेत मैत्रिणींसमोर हाक मारू नका म्हणायची. आणि मग केव्हातरी त्यांनी तिला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. बाई, जेवली का. बाई, उशीर झाला. लेक कमावती झाली, म्हणून मानानं बाई म्हणतात, असं तिनं धरलं होतं. तिला ते आवडलंही होतं. सात वर्षं बाप आपलं नाव चुकवत होता, आणि आपण त्याला मान समजत होतो. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, अण्णांवर, आईवर, कॉलेजातल्या त्या थोपटणाऱ्या हातावर, आणि सगळ्यात जास्त त्या सरळ सुबक रांगेवर. कानशीच्या रेघांवरून तिनं नख फिरवलं. फिटर माणूस, आवाज पुढून येतो म्हणून त्यांनी पुढं घासलं. चूक तिथं नव्हतीच. ती बाजूंना होती, आत ओढलेल्या कमानीत. तिथं जन्मभर घासत बसले असते तरी काही झालं नसतं.

ती कवळी घेऊन परत लॅबमध्ये आली. तिनं दोन्हींच्या, सरूबाईंच्या आणि अण्णांच्या, आतून व्हॅसलीनचं बोट फिरवलं आणि प्लास्टर कालवून ओतलं. सरूबाईंचा साचा नवी रांग लावायला लागणारच होता. अण्णांचा कशाला लागत होता, ते तिला सांगता आलं नसतं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ती दोन्ही तोंडं दोन हातांत धरून बसली आणि हळूहळू दोन्ही कोमट झाली. सोडवल्यावर अण्णांचा टाळू वर आला. टाळूवरच्या चार आडव्या रेघा, उजवीकडची एक मध्येच तुटलेली. घरात भिंतीवर त्यांचा फोटो होता, हार घातलेला, ओठ मिटलेला. हे मात्र आतलं होतं, जिथून आवाज निघायचा तिथलं. तिनं सुरी घेतली नाही, मेण घेतलं नाही. दोन्ही साचे शेजारी शेजारी ठेवून नुसती बघत राहिली. वाड्यावरचं तोंड आणि वाड्याबाहेरचं तोंड. दोन्हींचा बांध सारखाच आत सरकलेला, आणि दोन्ही ठिकाणी तिनं तितक्याच सफाईनं चूक केलेली. यात न्याय झाला म्हणायचं तर म्हणता आलं असतं, पण तिला तसं काही वाटलं नाही, तिला फक्त भीती वाटली. अण्णांना जी नको होती तीच भीती, हाताला येणारी.

संध्याकाळी जाण्याआधी तिनं सरूबाईंच्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘माप बरोबर. चूक लॅबची. दात नव्यानं लावून मेणात पाठवतो, ट्रायल घ्यावी. ट्रायलला मी स्वतः येईन.’ खाली पूर्ण नाव लिहिलं, विशाखा धोंडिबा, आणि सही केली. विश्वजीत सरांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घातली. जाताना दाराशी एवढंच म्हणाले, “टेबलाचं मग आपण नंतर बघू.” नंतर म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. ती हो म्हणाली. पुढचे दोन दिवस तिनं सरूबाईंची रांग लावली, मोडली, परत लावली. दात बांधावरून खाली, बाहेर, जिथं ते पन्नास वर्षांपूर्वी असतील त्या अंदाजानं. हात सांगायचा आत घे, चुकतंय. आणि प्रत्येक वेळी तिला हाताला नाही म्हणावं लागायचं. रांग पहिल्यासारखी देखणी दिसेना.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. सरूबाई खुर्चीत पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या, गोऱ्या, लहानखुऱ्या, बोळकं मिटून. डॉक्टरनं ओळख करून दिली, या लॅबच्या, दात यांनीच केलेत. म्हातारीनं नजर वर केली.

“तूच व्हय गं ती? अगं, नवऱ्याचं नाव जल्मात घेतलं नाय, ते जाऊ दे. आता सोताचं बी घ्यायची चोरी केलीस. नातवंडं फोनात भरून घेत्यात, आजी, नाव सांग, न् खिदळत्यात.”

“चूक झाली, आजी. म्हणून आले.”

“कोण्या गावची तू?”

“मुकुंदवाडीची.”

“ते इथलं झालं. मूळ गाव?”

विशाखानं गाव सांगितलं. बिडकीनच्या पलीकडं, दोन शिवारं ओलांडून. “कुणाची?” “धोंडिबा फिटरची.” म्हातारीनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग हातांकडं, जरा जास्त वेळ. मग सरूबाईंनी मान मागं टेकवली आणि तोंड उघडलं.

विशाखानं मेणाची कवळी आत बसवली. तिच्या बोटांना टाळू लागला, ओला, गरम, जिवंत. जीभ दचकून मागं सरली आणि मग हळूच पुढं येऊन दात चाचपायला लागली. “मोजा आजी, साठापासून सत्तरपर्यंत.” म्हातारीनं मोजायला घेतलं, शाळकरी पोरीसारखं, प्रत्येक आकड्यावर मान हलवत. साठ. एकसष्ट. बासष्ट. विशाखानं डोळे मिटले होते. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट. प्रत्येक आकडा अण्णांचं एक वर्ष होतं, मोरीपाशी कानस घेऊन बसलेलं. सहासष्ट. सदुसष्ट. अडुसष्टला ते गेले. अडुसष्ट आला तसा गेला, शिट्टी वाजली नाही. “एकोणसत्तर, सत्तर,” सरूबाई म्हणाल्या, आणि कुणी न सांगता, “सरूबाई. सरूबाई,” असं दोनदा म्हणून खुदकन हसल्या. डॉक्टर छान म्हणाला आणि हातमोजे काढायला वळला.

“आजी, अजून एक शब्द म्हणता?” विशाखाचा आवाज तिलाच परका वाटला. “सरण.”

म्हातारी खुर्चीतून अर्धी उठलीच. “सरण? अगं, दात बसवायला आले न् माह्या सरणाची गोष्ट काढती व्हय? अजून चार वर्षं भाकर खायचीय मला! म्हणं सरण! सरणावर जातानी काय दात घालून जाऊ?”

सरण. सरण. सरणावर. रागारागात तीनचारदा आला तो शब्द, लांब, स्वच्छ, कुठंही न अडता दातांच्या कमानीतून बाहेर पडून खोलीभर झाला. अर्थ दुसराच होता, विहारातला नव्हता. त्याला विशाखाचा इलाज नव्हता. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“काय झालं गं तुला?” सरूबाईंचा आवाज एकदम उतरला. “रडती कशाला? मी कुठं रागावले?”

“काही नाही, आजी,” विशाखा म्हणाली. “परत एकदा म्हणा.”